होडीच्या बुडातली दोन जुनी भोकं

मुंबईहून आणलेली आमची फायबरची शिडाची होडी उजनीत उतरवायची होती. खोली आणि वेग मोजणारी यंत्रं केव्हाच बंद पडलेली, पण त्यांची बुडातली फिटिंगं तशीच होती आणि माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. म्हणून ती काढून भोकं कायमची बुजवायची ठरवली.

अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये होडी ठोकळ्यांवर चढवली. आतला नट पान्याला दाद देईना. घण घातला नाही, कारण जोरदार ठोक्याने फायबरचे थर सुटतात. बाहेरची कड ग्राइंडरने घासून काढली आणि लाकडी दांडक्याने फिटिंग आत ढकललं.

पहिलं भोक कोरडं निघालं. दुसऱ्याच्या कडेला फायबर काळपट, ओलसर. नखाने उकरलं तर भुगा सुटायचा, वर आंबूस वास. तेवढा भाग कापूनच काढला आणि आठ दिवस वाळू दिलं. सोलापूरचं ऊन इथे कामाला आलं.

बूड ८ मिलिमीटर जाड. ठिगळ नीट धरावं म्हणून भोकाच्या कडा घासून उतरत्या करायच्या; हा उतार जाडीच्या १२ पट, म्हणजे चहूबाजूंनी ९६ मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या भोकाला सुमारे २४ सेंटीमीटरचं ठिगळ! जास्त वाटेल, पण इथे काटकसर नकोच; भोकात नुसतं भरलेलं बूच सुटलं तर होडी बुडते.

ॲसिटोनने पुसून इपॉक्सीत (दोन घटक कालवले की घट्ट होणारं रेझिन) भिजवलेलं विणीचं काचकापड थरावर थर लावलं. सुट्या काचधाग्यांची साधी मॅट घेऊ नका, तिचे धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत सहसा नाही. उन्हात इपॉक्सी डब्यातच तापून घट्ट होतं, म्हणून पहाटे पाचला, पसरट ताटलीत थोडं थोडं कालवलं.

उजनीत दोन तासांनी आतून हात फिरवला. दोन्ही ठिगळं कोरडी होती.