ग्रहाला हवा टिकवता येईल का, हे वहीवर कसे ताडून पाहावे

चंद्राचे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून त्याच्यावर हवा नाही, हे उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ असते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. शनीचा टायटन हा उपग्रह पृष्ठभागावरील गुरुत्वाच्या बाबतीत आपल्या चंद्राहूनही थोडा दुबळा आहे, आणि तरीही तेथील नायट्रोजनच्या वातावरणाचा दाब पृथ्वीवरील समुद्रसपाटीच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट भरतो. हे कोडे बऱ्याच अंशी सोडवण्यासाठी वही, साधा कॅल्क्युलेटर आणि दोन सूत्रे पुरतात.

प्रथम मुक्तिवेग, म्हणजे गोलाच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचे सुटण्यासाठी लागणारा वेग, काढावा. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. दुसऱ्या कोणत्याही गोलाचे वस्तुमान आणि त्रिज्या पृथ्वीच्या पटीत लिहावी, वस्तुमानाला त्रिज्येने भागावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ घेऊन त्याला ११.२ ने गुणावे. चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या ०.०१२३ पट आणि त्रिज्या ०.२७३ पट आहे. त्यावरून मुक्तिवेग २.३८ येतो. टायटनसाठी हेच आकडे ०.०२२५ आणि ०.४०४ असून उत्तर २.६४ येते, म्हणजे दोघांत फारसे अंतर नाही.

त्यानंतर वायूच्या रेणूंचा सरासरी वेग काढावा. केल्विनमधील (सेल्सिअस अधिक २७३) तापमानाला वायूच्या रेणुवस्तुमानाने भागून, त्याचे वर्गमूळ घेऊन १५८ ने गुणले की वेग सेकंदाला मीटरमध्ये मिळतो. नायट्रोजनचे रेणुवस्तुमान २८, कार्बन डायऑक्साइडचे ४४, मिथेनचे १६, हेलियमचे ४ आणि हायड्रोजनचे २ धरावे. आता मुक्तिवेग मीटरमध्ये लिहून त्याला सहाने भागावे. रेणूंचा वेग या भागाकारापेक्षा कमी असेल, तर तो वायू अब्जावधी वर्षे टिकू शकतो. जास्त असेल, तर तो हळूहळू निसटतो.

सहाच का, असा प्रश्न येथे पडायला हवा. सरासरी वेग मुक्तिवेगापेक्षा कमी असला की झाले, असे वाटते खरे. पण कोणत्याही वायूत सगळे रेणू सारख्या वेगाने धावत नाहीत. काही थोडे रेणू सरासरीच्या कितीतरी पट वेगाने जातात, ते वरच्या विरळ थरातून कशालाही न धडकता अवकाशात निघून जातात, आणि मागे राहिलेल्यांतून पुन्हा तसेच काही वेगवान रेणू तयार होतात. ही गळती बारीक असली तरी ग्रहाच्या आयुष्यापुढे टाकी रिकामी व्हायला वेळ लागत नाही. सहापट हे त्यासाठी ठेवलेले अंतर आहे. तो ढोबळ नियम आहे, काटेकोर सीमारेषा नव्हे.

चंद्राच्या भर दुपारी पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३९० केल्विन असते. नायट्रोजनचा वेग त्यावरून सेकंदाला ५९० मीटर येतो आणि चंद्राची मर्यादा २,३८० भागिले ६, म्हणजे ३९७ मीटर आहे, तेव्हा नायट्रोजन तेथे टिकणार नाही. टायटनवर तापमान ९४ केल्विन असल्याने तोच वेग २८९ मीटरवर उतरतो आणि मर्यादा ४४० आहे, तेव्हा तो टिकतो. थोडक्यात, टायटनला हवा राखता आली ती मुख्यतः थंडीमुळे; आपल्या चंद्राच्या जागी आणून ठेवला, तर त्यालाही ती राखता येणार नाही.

येथे सर्वाधिक चूक होते ती सेल्सिअस वापरण्यात. टायटनच्या बाबतीत उणे १७९ लिहिले, तर वर्गमूळाखाली ऋण संख्या येते आणि कॅल्क्युलेटरच हरकत घेतो. चंद्राच्या बाबतीत मात्र ११७ लिहिले, तर वेग ३२३ मीटर येऊन नायट्रोजन टिकतो असे साळसूद उत्तर मिळते, आणि ही चूक लवकर लक्षात येत नाही.

दुसरी काळजी तापमान कोठले घ्यावे याची. गळती होते ती वातावरणाच्या माथ्यावरून, आणि पृथ्वीच्या माथ्याचे तापमान सुमारे १,००० केल्विनपर्यंत जाते. त्या तापमानाला हेलियमचा वेग सुमारे २,५०० मीटर, तर पृथ्वीची मर्यादा १,८७० मीटर आहे. नायट्रोजन मात्र ९४० च्या आसपास राहतो. आपल्या हवेत नायट्रोजन भरपूर आणि हेलियम नावापुरता का, हे त्यातून कळते.

आता हिशेब जेथे तोकडा पडतो, ती प्रकरणे पाहावीत. मंगळाची मर्यादा सुमारे ८४० मीटर असून २१० केल्विनला कार्बन डायऑक्साइडचा वेग ३४५ मीटरच आहे, तरीही तेथील दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. मंगळाला आज सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, आणि सौर वारे, म्हणजे सूर्याकडून येणारे कणांचे झोत, वरच्या थरातील आयनांना (विद्युतभारित कणांना) ओढून नेतात. २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत गेलेल्या मावेन यानाने ही झीज सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम मोजली. मात्र चुंबकीय कवच नसले की हवा जाते, असा सरळ निष्कर्ष काढू नये. शुक्रालाही स्वतःचे असे क्षेत्र नाही, आणि तेथे दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक आहे.

गुरूचा गॅनिमीड टायटनपेक्षा मोठा आहे. त्याचा मुक्तिवेग २.७४, तापमान ११० केल्विनच्या घरात, म्हणजे नायट्रोजन टिकायला हरकत नव्हती; पण तेथे ऑक्सिजनचा अतिविरळ थर सोडला तर काही नाही. आपले सूत्र केवळ खर्चाची बाजू तपासते, जमेची नाही. टायटनच्या बर्फात अमोनिया मिसळलेला असावा आणि त्याचाच पुढे नायट्रोजन झाला असावा, असे मानले जाते. शनीपेक्षा उबदार असलेल्या गुरूच्या परिसरात तेवढी ठेव जमली नसावी.

शेवटची तपासणी वायू वायूच राहतो का, याची. नेपच्यूनच्या ट्रायटनचा मुक्तिवेग १.४५ आणि तापमान ३८ केल्विन घेऊन गणित करावे. मर्यादा सुमारे २४२ आणि नायट्रोजनचा वेग १८४ मीटर येतो, म्हणजे तो टिकायला हवा. तो टिकलाही आहे, परंतु बहुतेक सगळा जमिनीवर बर्फ होऊन पडला आहे, आणि त्या बर्फाच्या वाफेइतकीच हवा वर उरली आहे.