बायबल वाचायला सुरुवात करताय? या चुका टाळा

दर शुक्रवारी संध्याकाळी घणसोलीत आमच्या घरी सात-आठ जण वचन वाचायला जमतात. निम्मे तरी विश्वासात नवे असतात. जवळजवळ प्रत्येक जण कधीतरी हळूच सांगतो, "दादा, सुरू केलं होतं, पण सुटलं." ओढ असूनही सुटतं, कारण बहुतेकांची सुरुवातच अवघड जागी होते.

पहिल्या पानापासून वाचणं

उत्पत्तीतल्या गोष्टी भराभर वाचून होतात. निर्गमात मोशे येतो, तांबडा समुद्र दुभंगतो, आणि मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात. रोज ३ अध्याय धरले तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० महिनाभरात संपतात, आणि एकतिसाव्या दिवशी लेवीय समोर येतं: होमबली, चरबी, शुद्ध-अशुद्धाचे नियम. पुस्तकातली खूण तिथेच अडकून राहते. लेवीय मोलाचं आहे, पण येशूचं बलिदान समजल्यावर ते खऱ्या अर्थाने उलगडतं. बायबल हा ६६ पुस्तकांचा संग्रह आहे (कॅथलिक बायबलमध्ये ७३), तेव्हा मधलं एखादं पुस्तक आधी घ्यायला काहीच हरकत नाही.

माझं मत ठाम आहे: मार्कपासून सुरू करा. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकांत, सर्वांत लहान. मत्तयाची सुरुवात वंशावळीने होते आणि नवा वाचक नावांतच दमतो. मार्क पहिल्याच अध्यायात यार्देन नदीवर नेतो. ठाण्याहून वाशीची लोकल धरलीत, बसायला जागा मिळाली, तर तुर्भे येईपर्यंत एक-दोन अध्याय आरामात होतात. त्यानंतर योहान, मग प्रेषितांची कृत्ये, आणि रोज रात्री एक स्तोत्र.

एकच वचन उचलणं

ही चूक सर्वांत जास्त होते, आणि प्रेमापोटी होते. आमच्यातल्या एका तरुण जोडप्याने सिडकोच्या घरांसाठी अर्ज भरला होता. कोणीतरी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर यिर्मया २९ मधलं वचन पाठवलं, घरं बांधा आणि त्यांत राहा. त्यांनी ते लॉटरीचं आश्वासन मानलं. नाव लागलं नाही, तेव्हा ती ताई दोन आठवडे बायबल उघडेना.

मग आम्ही तो अध्याय सगळ्यांनी मिळून, सुरुवातीपासून वाचला. ते पत्र आहे, यरुशलेमेहून परक्या बाबेलला धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं. परत जायला ७० वर्षं लागतील, तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं देव त्यांना सांगतो. ती ताई मराठवाड्यातून आलेली, कोपरखैरण्यात भाड्याने राहणारी. सातवं वचन तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "म्हणजे मी अजून या शहरासाठी प्रार्थनाच केलेली नाही."

म्हणून वचन भावलं की निदान पूर्ण अध्याय वाचा. कोण बोलतंय, कोणाला, कोणत्या प्रसंगी, हे आधी पाहा. वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. नव्या करारात आज आपण वापरतो ते आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले.

कळत नसलेली भाषा रेटणं

इंग्रजी बायबल हातात शोभतं म्हणून घेऊ नका. ज्या भाषेत तुम्ही रडता, भांडता, त्या भाषेत वाचा. आपलं जुनं मराठी भाषांतर भारदस्त आहे, पण काही शब्द अडतात. मार्क ४ मध्ये वादळात येशू 'वरामावर' उशी घेऊन झोपलेला असतो. आम्ही सगळे त्या शब्दापाशी थांबलो. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका लगेच म्हणाले, "पुढची नाळ, मागचा वरामा." होडीच्या मागच्या टोकाला, दिवसभर शिकवून थकलेला येशू एकदम डोळ्यांसमोर आला. आणि ती उशी फक्त मार्कनेच टिपली आहे. सोपं भाषांतर शेजारी ठेवा, आणि बिनधास्त विचारा. पाळकांना, मंडळीतल्या एखाद्या मावशींना.

अडलं तर

झोप येत असेल तर मोठ्याने वाचा. मोबाइलवर वाचताना मेसेज येत राहतात, म्हणून छापील प्रत घ्या. नुसतं वाचून विसरायला होत असेल तर वहीत तीन ओळी लिहा: इथे देव कसा दिसला, माणसं कशी वागली, आज मी काय करणार. तिसरी ओळ नेमकी हवी. 'प्रेम करीन' असं मोघम नको, 'भावाला फोन करीन' असं लिहा.

आणि चार दिवस चुकले तर मागची थकबाकी भरू नका. जिथे खूण आहे, तिथून आजचा अध्याय वाचा.