घड्याळ एकाकडे, वही दुसऱ्याकडे

आमच्या गावच्या १० किलोमीटर शर्यतीत पहिल्या वर्षी स्टॉपवॉच आणि वही दोन्ही मी एकट्यानेच सांभाळली, आणि पाच-सहा धावपटू एकदम आले तेव्हा वेळा व बिब (छातीवर लावायची क्रमांकाची पट्टी) क्रमांक यांची सांगड पार विस्कटली. बिबमागची चिप अंतिम रेषेवरील अँटेना आपोआप वाचते, परंतु दीडशे स्पर्धकांसाठी त्या यंत्रणेचे भाडे आम्हांला परवडणारे नव्हते. दुसऱ्या वर्षी रेषेपलीकडे दोरीची अरुंद गल्ली आखली, धावपटूच्या छातीने रेषा ओलांडताच एकाने स्टॉपवॉचचे लॅपचे बटण (घड्याळ न थांबवता त्या क्षणाची वेळ नोंदवणारे) दाबले, दुसऱ्याने गल्लीतील क्रमाने केवळ क्रमांक लिहिले (घामाने चुरगळलेले बिब वाचणे हे वेगळेच दिव्य!), आणि तिपाईवरील मोबाइलने चित्रीकरण केले. दर दहाव्या धावपटूचा क्रमांक घड्याळवाल्यानेही टिपल्यामुळे, बटण एकदा जास्त दाबले गेल्याची चूक त्याच दहांत शोधता आली.