गणिताच्या वर्गात ॲक्टिव्ह लर्निंग करताय? मग या चुका टाळा

एनईपी, म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, आल्यापासून बीएस्सीच्या वर्गात जो तो ॲक्टिव्ह लर्निंग, म्हणजे मुलांकडूनच करवून घेत शिकवणं, करतोय, चांगलंच आहे. २०१४ मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग, गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले होते, नुसत्या लेक्चरला साधारण ३४ टक्के मुलं नापास, अशा वर्गात २२. पण नीट केलं तर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खं प्रमेय एकदम मुलांच्या अंगावर टाकणं. एका कॉलेजात मी वर्ग बघायला मागे बसले होते. नवीन मॅडम, तयारी भरपूर, सहा-सहाचे ग्रुप केले आणि सांगितलं, लाग्रांजचं प्रमेय (गणितातल्या सान्त ग्रुपच्या घटकसंख्येला त्याच्या आतल्या छोट्या ग्रुपची, म्हणजे सबग्रुपची, घटकसंख्या नेमकी भागते) सिद्ध करा. कुणाच्या वहीत एक ओळ उमटेना, शेवटच्या बाकावर मोबाइलवर प्रूफ शोधूनसुद्धा झालं, आणि शेवटी मॅडमनीच अख्खा फळा भरला. नंतर स्टाफरूममध्ये काय, तर आपल्या मुलांना हे झेपत नाही. अहो, झेपणार कसं, पहिली पायरीच दिली नाही! मी एस-थ्री, म्हणजे तीन वस्तूंच्या सहा अदलाबदलींचा ग्रुप, घेते, त्यात आयडेंटिटी (काहीच न बदलणं) आणि (१ २), म्हणजे पहिल्या दोघांची अदलाबदल, एवढाच सबग्रुप, आणि सांगते याचे सगळे डावे कोसेट, म्हणजे एस-थ्रीचा एकेक घटक सबग्रुपला डावीकडून लावून मिळणारे संच, हाताने लिहून काढा. सहाही घटक लावून झाले की मुलंच ओरडतात, मॅडम तीनच निघाले, प्रत्येकात दोन-दोन, आणि दोन कोसेट एकतर तेच नाहीतर पूर्ण वेगळे. मग विचारायचं, अर्धवट एकमेकांत का घुसत नाहीत? प्रूफ तिथेच आहे. यात अख्खा तास जातो, जाऊ दे. सिलॅबस संपवायच्या घाईत लोक नेमका हाच तास वाचवतात आणि पुढच्या सेमला तेच परत शिकवत बसतात.

दुसरी चूक, मुलगी फळ्यावर लिहितेय आणि सर मागून "हां, बरोबर" किंवा "अगं नाही नाही". मग वर्ग फळा सोडून सरांचा चेहरा वाचायला लागतो. मी सरळ बाकावर जाऊन बसते आणि बरोबर असलं तरी एवढंच विचारते, "पटलं का सगळ्यांना?" कुणी बोललं नाही तर थांबा, बोलतात.

ग्रुप तिघांचा पुरे. दर वेळी तोच हुशार मुलगा फळ्यावर नको.

आणि वर्षभर हे सगळं करून परीक्षेत परत "विधान लिहून सिद्ध करा", तर मुलं पाठच करणार ना? इंटर्नलला मी विचारते, ए-फोरमध्ये (चार वस्तूंच्या सम अदलाबदलींच्या ग्रुपमध्ये) १२ घटक आहेत, त्यात ६ घटकांचा सबग्रुप शोधा, सापडत नसेल तर का ते लिहा.