किशोरवयीन मुलांना माती आणि भाजीपाल्याची लागवड कशी शिकवावी

बारा-तेरा वर्षांपुढील मुलांना बागकाम शिकवायचे असेल, तर पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती बी देऊ नये. बी पेरले की सगळे लक्ष कोंबाकडे जाते आणि माती ही केवळ रोप उभे राहण्याची जागा ठरते. या वयात मोजून पाहायला, तुलना करायला आणि मोठ्यांचे म्हणणे खोडून काढायलाही आवडते; म्हणून सुरुवात मातीच्या तपासणीने करावी आणि निष्कर्ष मुलांनाच काढू द्यावेत.

पहिली तपासणी मातीच्या पोताची असावी. सरळ उभ्या बाजूंची पारदर्शक बरणी घेऊन तिचा तिसरा हिस्सा चाळलेल्या मातीने भरावा, वरून पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब घालावेत, झाकण लावून पाच-दहा मिनिटे जोरात हलवावे आणि बरणी स्थिर ठेवावी. साधारण एका मिनिटात वाळू तळाशी बसते, सुमारे दोन तासांत पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कण, बसतो, तर 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक असलेले चिकणमातीचे कण खाली यायला एक-दोन दिवस घेतात. प्रत्येक वेळी बरणीवर खूण करून मुलांनी थरांची जाडी मोजावी आणि टक्केवारी काढावी. आपल्या मातीत पाणी का तुंबते किंवा का टिकत नाही, याचे बरेचसे उत्तर त्या आकड्यांत मिळते.

त्यानंतर एक वाळलेले ढेकूळ गाळणीत ठेवून ती अलगद पाण्यात बुडवावी. ढेकूळ लगेच विरघळले तर माती पावसाच्या माऱ्यापुढे टिकणार नाही. बराच वेळ शाबूत राहिले तर सेंद्रिय पदार्थांनी आणि बुरशीच्या तंतूंनी कण एकत्र बांधले आहेत, असे समजावे. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग हवा आणि पाणी मावणाऱ्या पोकळ्यांचा असतो, हे इथेच सांगावे, म्हणजे वाफ्यात पाय न देण्याचा आणि ओली माती न खणण्याचा नियम मुलांना जाच वाटत नाही.

आता लागवड. दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशा जागी दोन सारखे वाफे करावेत. एकावर रोपे वर आल्यानंतर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे, दुसरा उघडा ठेवावा. बाकी बियाणे, अंतर, खत सगळे सारखे हवे. पाणी देण्यापूर्वी मातीत बोट खुपसून ओल पाहावी आणि तारखेसह वहीत नोंद करावी. पहिल्या पिकासाठी मुळा सोयीचा, कारण तो 25 ते 30 दिवसांत काढणीला येतो आणि उत्साह टिकून राहतो.

मुळ्याच्या शेजारी घेवड्याची एक ओळ मात्र जरूर लावावी, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत चांगला धडा तिच्या मुळांवर असतो. फुले येण्याच्या सुमारास एक रोप भोवतीच्या मातीसकट हलकेच खणून काढावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि त्यांवरील बारीक गाठींपैकी एखादी नखाने कापावी. आतून गुलाबी दिसली तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात बदलत आहेत. गाठी फारच कमी सापडल्या तर उत्तर सांगण्याची घाई करू नये. जमिनीत नत्र आधीच भरपूर असेल तर रोप गाठी कमी धरते, किंवा योग्य जिवाणूच तिथे नसतात. यांपैकी कारण कोणते, यावर मुलांना वाद घालू द्यावा.

कंपोस्टसाठी ओल्या कचऱ्याच्या दोन-तीन पट कोरडी पाने घ्यावीत. दुर्गंधी आली तर कोरडा भाग वाढवून ढीग उलटावा.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. जुन्या रंगाच्या भिंतीलगतच्या किंवा वर्दळीच्या रस्त्याकडेच्या मातीत शिसे असू शकते. तिथे प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय पालेभाज्या आणि कंदमुळे लावू नयेत, त्याऐवजी खात्रीची माती भरलेल्या कुंड्या वापराव्यात. कच्चे शेणखत टाळावे आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

काढणीनंतर दोन्ही वाफ्यांचे उत्पन्न वेगवेगळे तोलावे. घेवड्याची रोपे उपटण्याऐवजी बुडाशी कापून मुळे जमिनीतच कुजू द्यावीत. पुढच्या हंगामात कोणत्या वाफ्यात काय लावायचे, हे वहीतल्या नोंदी पाहून मुलांनीच ठरवावे; त्यांचा बेत आपल्याला पटला नाही, तरी निदान एक ओळ त्यांच्या मनाप्रमाणे लावू द्यावी.