पाळलेला कुत्रा कोणाला चावला, तर घराचा विमा भरपाई देतो का?

अमेरिकेतील घरमालकांच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत केवळ इमारत आणि सामान यांचेच संरक्षण नसते. तिच्यात दायित्वाचा, म्हणजे आपल्यामुळे इतरांना झालेल्या इजेच्या किंवा नुकसानीच्या जबाबदारीचा, स्वतंत्र भाग असतो आणि आपला कुत्रा पाहुण्याला किंवा टपालवाल्याला चावला, तर उपचारांचा खर्च, तडजोडीची रक्कम व वकिलाची फी सामान्यतः त्याच भागातून दिली जाते. या भागातून मिळणाऱ्या भरपाईची मर्यादा बहुधा १ लाख ते ३ लाख डॉलर असते. दावा त्यापलीकडे गेला, तर उरलेली रक्कम मालकालाच भरावी लागते. घरातल्याच माणसाला कुत्रा चावला, तर या भागातून काही मिळत नाही, आणि त्याने आपलाच सोफा फाडला तरीही नाही.

खरी मेख अपवादांच्या कलमांत असते. काही कंपन्या पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या जातीच वगळतात, तर काही त्या विशिष्ट कुत्र्याचा पूर्वेतिहास पाहतात आणि एकदा चावल्याची नोंद झाली की हप्ता वाढवतात किंवा त्याला संरक्षणातून काढतात. पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्कसारख्या राज्यांत मात्र केवळ जातीवरून विमा नाकारण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून प्राणी घरी आणण्यापूर्वीच कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. माहिती दडवून हप्त्याचे चार पैसे वाचवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही, कारण ऐन दाव्याच्या वेळी त्याच कारणावरून भरपाई नाकारली जाऊ शकते. मर्यादा अपुरी वाटल्यास वाढीव संरक्षणाची ‘अम्ब्रेला’ पॉलिसी घेता येते. मात्र तिच्यातही आपला कुत्रा वगळलेला नाही ना, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे.