पहिली इलेक्ट्रॉनिक सूरपेटी बनवताना या चुका टाळा

पहिलेच वाद्य म्हणून थेरेमिन, म्हणजे स्पर्श न करता हवेत हात हलवून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य, करायला घेणे ही नवशिक्यांची सर्वांत लाडकी चूक आहे. थेरेमिनमध्ये काही लाख हर्ट्झवर चालणाऱ्या दोन ऑसिलेटरांच्या (कंपने निर्माण करणाऱ्या सर्किटांच्या) कंपनसंख्यांमधला फरक आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो, त्यामुळे त्यांतला एक किंचित सरकला तरी सूर कुठल्या कुठे जातो. ज्याचा एक ऑसिलेटर जागेवर राहत नाही, त्याने दोन जुळवायला बसू नये. बेळगाव-खानापूर परिसरातून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी एकाच सुराची सूरपेटी करायला लावतो. ती भजनात उपयोगी पडते, आणि सूर चुकला तर पेटीवादक भिडेखातर गप्प बसत नाही.

या कामाला ५५५ ही टायमर आयसी (चिप) पुरेशी आहे; तिला जोडलेले कपॅसिटर आणि रेझिस्टर सूर ठरवतात. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी तिचे आरेखन केले, आणि आजही ती कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळते. नेमके हे स्वस्तपणच मुलांना बिघडवते, कारण मग कपॅसिटरही हाताला लागेल तो घेतला जातो. खानापूरकडच्या एका मुलाने कार्तिकातल्या काकड्यासाठी सूरपेटी केली. भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत बसून, त्याने ती पेटीच्या काळी एकशी अगदी तंतोतंत जुळवली. पहाटेच्या थंडीत देवळात मात्र सूर इतका उतरला की मंडळींनी पहिल्याच अभंगाला ती बंद करायला लावली. दुसऱ्या दिवशी तो आला आणि ठामपणे म्हणाला, “सर, बॅटरी उतरली असणार.” बॅटरीचा येथे फारसा संबंध नसतो. ५५५ पुरवठ्याच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश पातळ्यांवर पलटते, त्यामुळे व्होल्टेज हळूहळू कमी झाले तरी कंपनसंख्या जवळपास तीच राहते. मी तापलेली सोल्डरिंग गन त्याने लावलेल्या कपॅसिटरजवळ, म्हणजे त्या तपकिरी सिरॅमिक चकतीजवळ, स्पर्श न करता, नुसती धरली. सूर डोळ्यांदेखत चढत गेला, आणि गन दूर करताच पुन्हा खाली आला. या स्वस्त चकत्यांची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, तापमानाबरोबर मोठ्या प्रमाणात बदलते. दोन लगतच्या स्वरांत अंतरच मुळी सुमारे ६ टक्क्यांचे असल्यामुळे दोन-तीन टक्क्यांचा बदलही कानाला खुपतो. म्हणून सूर ठरवणाऱ्या जागी ५ टक्के अचूकतेचा पॉलिएस्टर कपॅसिटर वापरावा, आणि पॉलिप्रोपिलीन मिळाला तर अधिक चांगले.

याच जागी दुसरी खोड म्हणजे १०० किलोओहमचा एकच प्रीसेट (स्क्रूने फिरवून जुळवायचा रेझिस्टर) लावून त्यावर सूर शोधत बसणे. तो केसभर फिरला की सूर उडी मारतो. काळी एक म्हणजे सुमारे २७७ हर्ट्झ. त्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुरवठ्याकडे ४.७ किलोओहम, आणि पिन ७ व ६ यांच्यामध्ये २२ किलोओहमच्या स्थिर रेझिस्टरला जोडून ५ किलोओहमचा अनेक फेऱ्यांचा प्रीसेट, एवढे मी वापरतो. जुळवणी संध्याकाळी करावी आणि सर्किट निदान अर्धा तास चालू ठेवल्यावर करावी, हा माझा नेम आहे. ज्यांना तेवढा धीर नसतो, ते मोबाइलवरच्या ट्यूनरला दोष देतात.

आवाज वाढवण्यासाठी बहुतेक जण एलएम ३८६ ही अ‍ॅम्प्लिफायर आयसी लावतात आणि कुठला तरी नकाशा पाहून पिन १ व ८ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडतात. त्यामुळे २० पट वर्धन २०० पट होते, आणि येथे त्याची अजिबात गरज नसते. ५५५ काही व्होल्टचा संकेत देते, तर एलएम ३८६च्या आदानाला (इनपुटला) ०.४ व्होल्टच्या वर काही सहन होत नाही. संकेत आधी १०० आणि ४.७ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांच्या विभाजकातून कमी करावा. स्पीकरमधून सुराऐवजी फटफट आली, तर पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकावा आणि ५५५च्या पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड लावावा. वर जिला मी नाकारले ती सिरॅमिक चकती येथे मात्र योग्यच आहे.

५५५ची पिन ४ मोकळी सोडू नये, ती धन बाजूला जोडावी. आयसी सॉकेटमध्येच बसवावी. पत्र्याच्या कामाचे आम्लयुक्त फ्लक्स सर्किटवर वापरू नये, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात ते तांबे खाऊन टाकते. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) वाजलेले वाद्य तसेच डब्यात कोंबून भजनाला नेणाऱ्यांना मी आता काही सांगत नाही.

मंडळाच्या मिक्सरला सूरपेटी जोडताना विभाजकानंतरचाच संकेत द्यावा, मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा, आणि आवाजाची कळ शून्यावर ठेवूनच वायर लावावी. मोबाइलच्या स्वस्त चार्जरवर चालवलेली सूरपेटी मिक्सरला लावली की अनेकदा घरघर येते. अशा वेळी आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे, आणि घरघर थांबली नाही तरच बाकीचे सर्किट उघडावे.